डोहाचा उपास

चाकणजवळून,
चैत्र, मंगळवार, १९५६

प्रिय ज्योतीराम,

प्रिय लिहिलं आहे आणि ते खोडणार नाही. मला चौथीपर्यंत शिकवलं त्याचा या घराला आजवर उपयोग एवढाच झाला, की श्रावणात मी आळीतल्या बायकांना पोथी वाचून दाखवते. आज ते शिक्षण पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या कामी येतं आहे. अक्षराला हसू नका. दिवसभर कांद्याच्या पाती कापून बोटं भरून आली आहेत आणि डोकंही ठिकाणावर नाही. तुम्हाला वाटेल बाई आजारी आहे. आजारी नाही, मला किळस आली आहे. माणसांची, त्यांच्या देवधर्माची, त्यांच्या ढेकरांची. गेले काही दिवस घरात चूल पेटली की मी उठून गोठ्यात जाऊन बसते. तिथला शेणाचा वास बरा वाटतो.

तर आधी खुशाली. तुमचं इंजिन चालू आहे. बन्सीदादा रोज सकाळी त्याला हळदकुंकू वाहतो आणि मगच हँडल मारतो. मध्ये एकदा ते सुरू होईना, तर दादानं त्याच्यावर नारळ फोडला. नारळाचं पाणी आत कुठंतरी झिरपलं आणि जे थोडं गुरगुरत होतं तेही बंद पडलं. शेवटी तुम्ही करताना पाहिलं होतं तसं मीच खोललं, फडक्यानं पुसलं, उन्हात ठेवलं. चाललं. दादानं मात्र गावात सांगितलं की नारळाला देव पावला.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तुम्ही चिंचवडच्या कारखान्यातून ते इंजिन आमच्या विहिरीवर बसवायला आलात, तो पहिला दिवस मला लख्ख आठवतो. तुम्ही राखेनं हात घासत होतात आणि मी वरून पाणी घालत होते. तुम्ही माझं नाव विचारलंत. नवरा तापानं गेल्यावर मी माहेरी परत आले तेव्हापासून मला या घरात नाव नाही. 'अगं', 'ए', 'कुठं मेलीस' एवढ्यावर भागतं. मी कुशा म्हणाले आणि माझाच आवाज मला ओळखू आला नाही. दादा तुम्हाला विचारत होता की इंजिन रुसलं तर काय करायचं. तुम्ही हसून तुमच्या साताऱ्याकडच्या बोलीत म्हणालात, "इंजिन रुसत न्हाई, बन्सीभाऊ. कुटंतरी कायतरी अडाकलेलं असतंय. उगडून बगायचं." हे वाक्य मी पुढे कितीतरी दिवस मनात घोळवत होते. आमच्याकडे काहीही बिघडलं की आधी कुणाचा कोप झाला ते शोधतात. उघडून कुणी बघत नाही.

मग तुम्ही पाट लावून मला बायको करून घ्यायची मागणी घातलीत. मला ती थेट कुणी सांगितली नाही, भिंतीआडून ऐकली. विधवेचा पाट आमच्यात नवा नाही, गेनबातात्यांची धाकटी बायकोच पाटाची आहे. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, भावकीतले वडीलधारे. तरी त्यांनी डोहाला विचारल्याशिवाय होकार द्यायचा नाही असं ठरवलं, कारण तुम्ही परमुलखातले. कौल विरुद्ध गेला एवढाच निरोप तुमच्यापर्यंत पोचला. तो कसा लावतात हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार, म्हणून आता नीट सांगते.

आमच्या नदीला महादेवाच्या देवळाखाली डोह आहे. त्यातले मासे देवाचे. हाताएवढे लांब, खवले ऊन पडलं की चमकायचे. त्यांना कुणी मारायचं नाही, गळ टाकायचा नाही, पोरांनी खडा मारला तर पोरांच्या आईनं नाक घासायचं. गावाला काही विचारायचं असलं, लग्न, वाटणी, नवी विहीर, की डोहावर कौल लावायचा. आदल्या दिवशी डोहाला उपास. म्हणजे गावातल्या कुणीही पाण्यात दाणासुद्धा टाकायचा नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली की तात्या कणकेची गोळी कुंकवात घोळवून पाण्यात सोडणार. तळाला जायच्या आत माशानं उचलली तर देवाचा होकार. तळाला गेली तर नकार. कौलाचा मान तात्यांच्या घराण्याचा, त्यामुळे हात त्यांचाच.

माझ्या कौलाच्या दिवशी मी काठावर बायकांत उभी होते. माझ्यासाठी लावलेला कौल, पण मी पुढे यायचं नाही, ही रीत. गोळी सुटली. आमचा सगळ्यात मोठा मासा, ज्याला गाव 'म्हातारा' म्हणायचं, तो सावकाश वर आला. गोळीजवळ तोंड नेलं आणि वळून निघून गेला. दुसरा एक आला, त्यानंही तेच केलं. गोळी खाली गेली. पाणी नितळ होतं, ती तळाच्या वाळूवर टेकलेली सगळ्यांना दिसली. मला रडू आलं नाही. माझा विश्वास होता. लहानपणापासून मी त्या माशांसमोर हात जोडत आले होते. मला वाटलं, ज्यानं मला घडवलं त्यालाच मी पुन्हा कुणाच्या घरात नांदावं असं वाटत नाही, तर कुणावर रागवायचं? माणसानं नको म्हटलं असतं तर भांडले असते. देवानंच नको म्हटलं की माणूस आतून विझतं. मी तशी विझले होते आणि मुकाट्यानं कांदे लावत होते.

आता अलीकडची गोष्ट. तुमच्या पिंपरी-चिंचवडला कारखान्यांचे पाये भरायला दगड लागतो, त्यासाठी आमच्या टेकडीला खाण लागली आहे. खाणीवरच्या दोघांनी मागच्या आठवड्यात भर दुपारी सुरुंगाची कांडी पेटवून डोहात टाकली. त्यांना मुकादमाच्या जेवणावळीसाठी मासे हवे होते. घरातली भांडी हादरली. सगळे बाप्ये काठ्या घेऊन धावले, शिव्या देत, छाती पिटत. खाणीवाले पळून गेले. आम्ही बायका मागून पोचलो तर डोह पांढरा झालेला. सगळे मासे पोट वर करून तरंगत होते, काहींचे कल्ले अजून हलत होते. दादाची पोर ठकी हुंदके देऊन रडायला लागली. मीही रडले. बाप्यांनी काठ्या खाली टाकल्या. मला वाटलं, गाव सुतकात बसणार. मी मनात म्हटलं, काही झालं तरी ही माणसं देवाला मानतात.

तेवढ्यात तात्या बोलले. "आपुन मारल्यात का? न्हाई मारलं. मंग पाप कसलं? द्येवानं सोताहून दिलंय. परसाद हाय ह्यो, पान्यात नासू द्यायचा व्हय?" एवढंच म्हणायची खोटी होती. ज्योतीराम, मी लग्नात पंगतीवर तुटून पडणारी माणसं पाहिली आहेत, दुष्काळात गाडीवरून सांडलेली ज्वारी वेचणारी पाहिली आहेत, पण असं काही पाहिलं नव्हतं. पाट्या आल्या, टोपल्या आल्या, काहींनी धोतराच्या सोग्यात भरले. मूल व्हावं म्हणून जी बाई गेली दोन वर्षं या माशांना गोळ्या घालत होती, ती पाण्यात उतरून जावेशी शेपटीवरून ओढाताण करत होती. म्हाताऱ्यावर हक्क तात्यांचा, मान त्यांचा ना! त्यांनी तो खांद्यावर टाकून नेला आणि अंगणात कोयत्यानं त्याचे तुकडे केले. तात्या माळकरी आहेत. जेवायच्या आधी त्यांनी गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवली, पोटभर खाल्लं, आंघोळ केली आणि माळ परत घातली. मी हे ऐकीव सांगत नाही, त्यांच्याकडे मसाला वाटायला मलाच नेलं होतं.

संध्याकाळपर्यंत घरोघरी तोच वास. मी परसात जाऊन ओकले. मला मासळीची किळस नाही, तुमच्या कोकणातल्या सोबत्यांची गोष्ट तुम्ही सांगायचात तेव्हा मला सुक्या बोंबलाचंही नवल वाटायचं. भूक लागली म्हणून मासा मारून खाणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. खाणीवरच्या त्या दोघांचासुद्धा मला फारसा राग नाही, त्यांनी माशाला मासाच मानलं. डोहावर एक बगळा येतो, त्याला आम्ही पोरं असताना देवाचं चोरून खातो म्हणून दगड मारायचो. तो आता रिकाम्या पाण्यात एका पायावर उभा असतो. त्याच्याकडे बघून मला शरम वाटली. तो कधी कुणाच्या पाया पडून मग कुणाला गिळत नव्हता.

पुढचं ऐका. चैत्राचं ऊन, उरलेले मासे कुणाला टाकवेनात, मीठ लावायला हात आखडता. तिसऱ्या दिवशी तेच पुन्हा उकडून खाल्लं आणि अर्धं गाव हातात तांब्या घेऊन ओढ्याकडे पळायला लागलं. लहान पोरं तापानं फणफणली. लगेच देवळात बैठक. कशाचा कोप झाला? मी देवळाच्या मागं पाण्याची घागर टेकून ऐकत होते. मला खरंच वाटलं, आता तरी कुणी म्हणेल की आपण देव शिजवून खाल्ला. कुणी म्हणालं नाही. कुणी नासके मासे खाल्ले असंसुद्धा म्हणालं नाही. बराच वेळ घोळ घालून त्यांनी कारण शोधून काढलं. ते कारण म्हणजे मी. विधवेनं परमुलखातल्या माणसासाठी कौल मागितला, तेव्हाच देव विटला आणि डोह सोडून गेला; नंतर मेली ती नुसती जनावरं, आणि जनावर खाल्ल्याचं पाप नाही. बघा किती सोयीचं. खाल्लं तेव्हा प्रसाद, बाधलं तेव्हा जनावर, आणि दोष माझा.

त्याच दुपारी गवरावहिनी गोठ्यात आली. मी शेण काढत होते. तिनं एकदम माझे पाय धरले. ठकी घरात आडवी पडलेली, डोळे वर लागलेले. वहिनी म्हणाली, "वन्सं, मला मोकळं करा, न्हाईतर माजी पोर हातची जाईल." मला काही कळेना. मग ती रडत रडत बोलली. "तुमच्या कौलाच्या दिशी म्या पाटंचीच शेरभर कनिक मळून तात्यास्नी दिली व्हती. त्यांनी सगळी डोहात टाकली. मासं पोटभर ज्येवलं व्हतं, वन्सं. तुमी गेला असता तर ह्या घरचं कोन करनार व्हतं? ह्यांनाबी ठावं हाय." ह्यांना म्हणजे माझ्या सख्ख्या भावाला. नंतर तिनं डोळे पुसले आणि मला शपथ घातली की हे कुणाला सांगायचं नाही. मी शपथ घेतली नाही. मी ठकीला मीठ घालून तांदळाची पेज पाजली, घोट घोट, आणि पोर आज अंगणात उठून बसली आहे. वहिनीला वाटतं, मी मनातून क्षमा केली म्हणून बरी झाली. मी क्षमा केलेली नाही.

मला राग आधी आलाच नाही, हसू आलं. एवढी वर्षं आम्ही काय विचारत होतो आणि कुणाला? मासा भुकेला असला की गोळी उचलतो, पोट भरलेलं असलं की उचलत नाही. त्या बिचाऱ्याला एवढंच कळतं आणि तेवढ्यापुरता तो पुरता खरा होता. डोहाला उपास घडला की देवाचा होकार, पहाटे कुणी गुपचूप कणीक टाकली की नकार. आता गावातले सगळे जुने नकार मला आठवू लागले आहेत. दुष्काळाच्या साली वेशीबाहेरच्या वस्तीतल्या बाया आपल्या पोरांसाठी घाटावरून पाणी भरू द्या म्हणून दिवसभर उन्हात बसून होत्या. तेव्हाही कौल लावला होता आणि गोळी तळाला गेली होती. आम्ही सगळे घरी गेलो, आमच्या घागरी भरलेल्या. त्या दिवशी कणीक कुणी मळली असेल? आमच्याच घरातल्या कुणा बाईनं, दुसरं कोण.

तुम्ही म्हणाल, मग देव नाही का? मला ठाऊक नाही. मी चौथी शिकलेली बाई आहे. देव त्या माशांत असेल तर आम्ही त्याला तिखटमीठ लावून खाल्ला. नसेल तर आम्ही एवढी वर्षं आपल्याच मनातलं त्यांच्या तोंडून वदवून घेत होतो. दोन्हींतलं कुठलंही खरं धरलं तरी या माणसांच्या पंगतीला बसवत नाही. एक मात्र कळलं. ज्याला माणसं देव म्हणतात, त्यातलं पुष्कळसं म्हणजे स्वतः नाही म्हणायची लाज वाटते म्हणून पुढे केलेला कुणीतरी मुका. मासा, दगड, झाड, जे बोलणार नाही ते. दादा माझ्या तोंडावर म्हणाला असता, की तू गेलीस तर मला बिनमजुरीचं राबणारं माणूस मिळणार नाही, तर मी त्याला दोन शिव्या दिल्या असत्या आणि तरी भाऊ मानलं असतं. नदीवर माझा राग नाही. रोज जाते, पाणी आणते, थोडा वेळ बसते. पाणी जसं होतं तसंच वाहतं आहे, आणि त्यानं मला कधीच काही करू नकोस म्हणून सांगितलं नव्हतं. हात मात्र आता जोडले जात नाहीत, आपोआप वर येतात आणि मी ते पदराला पुसते.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही सुटाल असं समजू नका. कौलानंतर तुमचं कार्ड आलं होतं दादाच्या नावे, ते मीच त्याला वाचून दाखवलं. 'देवाच्या मनात नसेल तर आपला इलाज नाही.' वाचताना माझा आवाज हलला नाही, पण आज ते आठवलं की मस्तक उठतं. इंजिन सुरू झालं नाही तर तुम्ही तासन्‌तास उताणे पडून, तेलानं तोंड काळं करून, अडकलेला कण शोधून काढता. तिथं कधी देवाच्या मनावर सोडत नाही. माझ्या वेळेला मात्र तीन पैशांचं कार्ड लिहून मोकळे झालात! एकदा यायचं होतं, मला विचारायचं होतं. सगळ्या गावानं माशांना विचारलं, तुम्ही गावाला विचारलंत, मला कुणी विचारलं नाही. तुमच्यावरही मला किळस यावी इतका राग आला होता. मग गोठ्यात बसून विचार केला, की तुम्हीही माझ्यासारखेच. तुमचाही विश्वास होता. त्या विश्वासाचा गैरफायदा दुसऱ्यानं घेतला, म्हणून तुम्हाला किती दिवस शिक्षा द्यायची? पण पुन्हा असं कराल तर माझ्या दारात उभं राहू नका.

पत्र लिहायचं कारण हे. येत्या सोमवारी सगळ्या गावासमोर माझ्या हातात बेलभंडारा देणार आहेत. मी शपथ घ्यायची, की जन्मभर पाटाचं नाव काढणार नाही, आणि देवळाची झाडलोट करून डोहाचा दोष फेडेन. दादानं मान खाली घातली, पण हो म्हणाला. बेलभंडारा उचलला की संपलं. मग पळून गेले तरी गाव मला शोधून आणील, आणि मला स्वतःलाही ती शपथ मोडताना भीती वाटेल, एवढी मी अजून याच मातीतली आहे. म्हणून मी ती उचलणारच नाही. शनिवारी चाकणच्या बाजाराला कांद्याची गाडी जाणार आहे, निवडायला मी बरोबर आहे. गाडी खाली झाली की दादा आडत्याकडे जाईल, तेव्हा मी एस.टी.च्या थांब्यावर येऊन उभी राहीन. तुम्हाला मी हवी असेन तर या. देवाला, पत्रिकेला, कुणा शहाण्याला विचारून येऊ नका. विचारायचंच असेल तर थांब्यावर मला विचारा, मी तिथल्या तिथं उत्तर देईन. नको असेन तर येऊ नका आणि कार्डही लिहू नका. तुम्ही आला नाहीत तरी मी येईल त्या गाडीत बसणार आहे. तुमच्याकडे एवढे कारखाने झाले म्हणता, त्यांचे पाये भरायला पाट्या वाहणाऱ्या बायका लागतच असतील, आणि पाटी माझ्या डोक्याला नवी नाही. भाकरी मी दोघांची बांधून घेणार आहे. तुम्ही आला नाहीत तर दोन्ही वाटे मीच खाईन.

आलात तर तुमचीच, नाहीतर माझी मीच,
कुशा